मेलेल्या डायव्हरचं पोस्टमॉर्टम

पाण्याखालच्या गुहेत कोणी डायव्हर मेला अशी बातमी आली की पहिल्या तासाभरात खाली काय काय लिहिलं जाणार हे आता मला तोंडपाठ झालंय. एका बाजूला हात जोडलेले इमोजी आणि "निदान आवडीचं काम करताना गेला". दुसऱ्या बाजूला "कोणी सांगितलं होतं तिथे कडमडायला", "पैसा जास्त झाला की असंच होतं", "विनाशकाले विपरीत बुद्धी". आणि मधेच एखादा बिचारा विचारतो की टाकीत गॅस (म्हणजे श्वासाची हवा) किती उरला होता, लाइन टाकली होती का, की लगेच दोन्हीकडचे त्याच्यावर तुटून पडतात. पहिले म्हणतात घरच्यांचे डोळे अजून सुकले नाहीत आणि तुला आकडे पाहिजेत, दुसरे म्हणतात आकडे कशाला, मूर्ख होता, मेला, विषय संपला.

माझं मत सरळ सांगून टाकतो. या तिघांत मेलेल्या माणसाचा खरा मान राखतोय तो तो तिसराच. त्याने कधी विचारावं, कसं विचारावं यावर बोलू, त्यात त्याचंही चुकतं बऱ्याचदा, पण प्रश्नच विचारू नका हे काही मला पटत नाही. गप्प बसणं म्हणजे आदर असं आपण धरून चाललोय, आणि या खेळात तर ते उलटंच आहे.

का उलटं, ते कळायला हा प्रकार नक्की काय आहे ते बघावं लागेल. आपल्याकडे डायव्हिंग म्हटलं की तारकर्ली-मालवण नाहीतर गोव्याला इन्स्ट्रक्टरच्या भरवशावर खाली जायचं, मासे बघायचे, व्हिडिओ काढून घ्यायचा एवढंच डोळ्यासमोर येतं. उघड्या समुद्रात काही बिघडलं तर वर जायची वाट तरी असते (धोका त्यातही आहेच, पण वाट असते). गुहेत डोक्यावर दगड असतो. सहसा जिथून आत शिरलात तिथूनच बाहेर यायचं, मग ते अंतर शंभर मीटर असो नाहीतर एक किलोमीटर. तळाला पिठासारखा बारीक गाळ बसलेला असतो, एक पाय चुकीचा मारला की तो उसळतो आणि मग टॉर्च कितीही भारी असू दे, स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून हे लोक उघड्या पाण्यापासून थेट आतपर्यंत एक दोरी सोडत जातात, तीच ती लाइन, काही दिसेनासं झालं की तिला चाचपत बाहेर यायचं. गॅसचे तीन भाग करायचे, एक आत जायला, एक परत यायला आणि एक राखीव, कारण सोबत्याचा गॅस गेला तर एकाच्या टाकीवर दोघांना बाहेर यायचंय. दिवे कमीत कमी तीन.

हे नियम कोणाला घरबसल्या सुचलेले नाहीत. 1960-70 च्या काळात अमेरिकेत फ्लोरिडातल्या झऱ्यांच्या गुहांमध्ये माणसं पटापट मरत होती, आणि त्यात उघड्या पाण्यात शिकवणारे इन्स्ट्रक्टरसुद्धा होते, म्हणजे पट्टीचे पोहणारे, पाण्याची भीती नसलेले. तिथल्याच शेक एक्सली नावाच्या पोराने, हजार केव्ह डाइव्हची नोंद असलेला जगातला पहिला माणूस तो, या अपघातांची चिरफाड केली आणि 1979 मध्ये एक छोटं पुस्तक काढलं. एकेक अपघात घ्यायचा, काय झालं ते सांगायचं, त्यातून एक नियम काढायचा, एवढंच. कारणं अगदी कंटाळवाणी निघाली. लाइन नव्हती. गॅस राखून ठेवला नव्हता. झेपणार नाही एवढं खोल गेले. पुढे त्यात दोन गोष्टी जोडल्या गेल्या, गुहेचं वेगळं प्रशिक्षण आणि पुरेसे दिवे. आज जगात कुठेही केव्ह डायव्हिंग शिकायला जा, हीच पाच सूत्रं शिकवतात. म्हणजे त्या काळात सगळ्यांनी नुसतीच फुलं वाहून विषय बंद केला असता तर ही सूत्रं आलीच नसती आणि पुढची कितीतरी पोरं त्याच जागी, त्याच कारणाने गेली असती.

ऑस्ट्रेलियात माउंट गॅम्बिअरला तेच. 1973 मध्ये 'द शाफ्ट' नावाच्या एका खड्ड्यात एकाच वेळी चार डायव्हर मेले. अशा वेळी सरकारी डोक्यात पहिला उपाय येतो तो बंदीचा. पण त्याच वर्षी तिथल्या डायव्हर्सनी स्वतःची संघटना उभी केली, परीक्षा घेऊन दर्जा ठरवायची पद्धत आणली, आणि गुहा कायमच्या बंद व्हायच्या वाचल्या. हेही मरणावर मोकळेपणाने बोलल्यामुळेच झालं.

फ्लोरिडात बऱ्याच गुहांच्या तोंडाशी, पाण्याखालीच, एक पाटी लावलेली असते. तिच्यावर हातात भलंमोठं पातं घेतलेला मृत्यूचा सांगाडा, आणि मजकूर साधारण असा की तीनशेहून जास्त डायव्हर अशा गुहांमध्ये मेलेत, त्यात इन्स्ट्रक्टरही होते, प्रशिक्षण नसेल तर पुढे जाऊ नका, आत जीव गमावण्यासारखं काहीही नाही. मला ही पाटी फार आवडते. तिच्यात कोणाचं नाव नाही, कोणाला मूर्ख म्हटलेलं नाही आणि गुळगुळीत श्रद्धांजलीही नाही, तरी मेलेल्या प्रत्येकाची मोजदाद तिच्यात आहे.

आता त्या उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांकडे येऊ, कारण संख्येने तेच जास्त आहेत.

त्यांचा एक ठरलेला डायलॉग असतो, "एवढं साधं कळलं नाही?" शेवट माहीत झाल्यावर सगळं साधंच दिसतं. 1975 मध्ये बारूक फिशहॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर एक प्रयोग छापला होता, गंमत म्हणजे त्यात 1814 चं इंग्रज-गुरखा युद्ध घेतलं होतं. विद्यार्थ्यांना युद्धाची माहिती वाचायला दिली, काहींना सांगितलं इंग्रज जिंकले, काहींना सांगितलं गुरखे जिंकले, काहींना कोणीच नाही, आणि मग विचारलं की निकाल माहीत नसता तर काय होईल असं वाटलं असतं. ज्याला जो निकाल सांगितला होता त्याला तोच जास्त शक्य वाटला. कॉमेंट टाकणारा नेमका इथेच बसलेला असतो, त्याला निकाल माहीत आहे, आणि पाण्याखाली जो होता त्याला तो माहीत नव्हता, एवढाच काय तो दोघांच्या हुशारीतला फरक.

उदाहरण घ्या. एप्रिल 2017, स्पेनचं मायोर्का बेट, सा पिकेता नावाची गुहा. शिस्को ग्रासिया आणि त्याचा जोडीदार आत जवळजवळ किलोमीटरभर गेलेले, दोघं कसलेले, ग्रासिया तर भूगर्भशास्त्र शिकवणारा माणूस. परत येताना लाइन जागेवर नाही, पाणी गढूळ, चाचपून चाचपून शोधण्यात गॅस संपत आला. एका पोकळीत हवा साचली होती तिथे दोघं वर आले, आणि उरलेल्या गॅसमध्ये एकच जण बाहेर पडू शकेल हे कळल्यावर जोडीदार मदत आणायला गेला. ग्रासिया त्या पोकळीत साठ तास राहिला, अंधारात, श्वासागणिक वाढत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये, आणि जिवंत बाहेर आला. जगभर त्याच्या हिमतीचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. आता समजा मदत पोचायला आणखी दोन दिवस लागले असते. निर्णय तेच, माणूस तोच, लाइन तशीच गेलेली, पण मग खाली काय लिहिलं असतं? "लाइन सांभाळता येत नाही आणि चालले गुहेत." म्हणजे आपण त्याच्या वागण्याला मार्क देतच नाही, त्याच्या नशिबाला देतो.

आणि मरण कशासाठी आलं यावरही आपली जीभ बदलते. 2018 मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत ती बारा पोरं आणि त्यांचा कोच अडकले होते तेव्हा आपल्याकडेही घरोघरी टीव्ही लावून बसले होते, त्यात पाणी उपसण्याच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे इंजिनिअर गेलेले म्हणून मराठी पेपरांना वेगळाच उत्साह होता. त्या बचावात समान कुनान हा थाई नौदलाचा माजी कमांडो आत हवेच्या टाक्या ठेवून परतताना बेशुद्ध होऊन गेला, 6 जुलैला. त्याचा पुतळा आहे आता गुहेबाहेर. त्याच्याबद्दल "कशाला गेला होता" असं कोणी लिहिल्याचं मला तरी आठवत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण पाणी तर तेच असतं ना हो. हौसेने गेलेल्या डायव्हरच्या छातीतही श्वास तसाच अडकतो. आणि मोठं गमतीचं सत्य असं की त्या पोरांना बाहेर काढणारे रिक स्टँटन आणि जॉन व्होलांथन हे ब्रिटिश डायव्हर हौशीच होते, एक निवृत्त फायरमन, दुसरा आयटीवाला. "रिकामटेकड्यांची फालतू हौस" असली कॉमेंट ज्यांना वर्षानुवर्षं ऐकावी लागली असेल त्याच जमातीची माणसं. त्यांनी ती हौस केली नसती तर जगात ते काम जमणारं कोण होतं?

बरं, श्रद्धांजलीवाल्यांवरही माझा राग आहे, थोडा कमी, पण आहे. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात तसं काही काही वेळा होतं. माणूस गेला की तो लगेच "अत्यंत काळजी घेणारा, नियमांचा पक्का" होतो, मग त्याने ते नियम मोडले होते हे तुम्ही म्हणूच शकत नाही. 2013 च्या नाताळच्या दिवशी फ्लोरिडातल्या ईगल्स नेस्ट या गुहेत बाप आणि त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा मेले. बापाचं गुहेचं प्रशिक्षण झालेलं नव्हतं, मुलाचं तर साध्या स्कूबाचंही सर्टिफिकेट नव्हतं. मी वर ज्या पाटीबद्दल लिहिलं तशी सांगाड्याची पाटी तिथेही आहे. यानंतर गुहाच बंद करा अशी मागणी झाली, तिकडे डायव्हर म्हणाले की गुहेचा काय दोष, आणि तिसरीकडे त्या बापाला जे जे म्हटलं गेलं ते इथे लिहवत नाही. आता यात काय बोलावं? मला वाटतं हे स्पष्ट, ठणठणीत बोलावं की प्रशिक्षण नसताना गुहेत जाणं, पोराला नेणं, हे चुकलं, आणि हेच मरणाचं मूळ आहे. ते पातळ करू नये, कारण ते वाचून कदाचित दुसरा एखादा बाप पाटीपाशी थांबेल. पण "असल्याला पोरं कशाला हवीत" हे वाचून कोणीही थांबत नाही, उलट ज्याला जायचंय तो म्हणतो मी काही तसा वाईट बाप नाही, म्हणजे ही बातमी माझ्याबद्दल नाही. शिव्यांचा तोटा नुसता सभ्यतेचा नाहीये, त्या वाचणाऱ्याला सुटायला वाट करून देतात.

जिथे चूक शोधायला गेलं तर धड हातात येत नाही अशी प्रकरणं जास्त त्रासदायक असतात, आणि जास्त शिकवतात. डेव्ह शॉचं घ्या. ऑस्ट्रेलियन माणूस, विमानाचा पायलट, म्हणजे चेकलिस्टवर आयुष्य गेलेला. ऑक्टोबर 2004 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होल या पाण्याने भरलेल्या खोल गुहेच्या तळाशी, 270 मीटरवर, त्याला एक मृतदेह दिसला. डिऑन ड्रायर, वीस वर्षांचा मुलगा, दहा वर्षांपूर्वी तिथेच गेलेला. शॉने ठरवलं की त्याला त्याच्या आईवडिलांकडे आणायचं. 8 जानेवारी 2005 ला मोठी टीम घेऊन तो उतरला, हेल्मेटवर कॅमेरा. मृतदेहाचा सांगाडा झाला असेल, तो तळाच्या गाळात रुतलेला असेल, तो पिशवीत भरायचा, असा हिशेब होता. प्रत्यक्षात इतक्या वर्षांनी शरीर मेणासारखं होऊन शिल्लक होतं, आणि हलवल्यावर ते मोकळं होऊन तरंगायला लागलं. दोन्ही हात कामाला लागावेत म्हणून शॉने दिवा हातातून सोडून बाजूला ठेवला होता, त्याची वायर लाइनमध्ये गुंतली. इतक्या खोलवर गॅस एवढा दाट होतो की श्वास घेणं हेच अंगमेहनतीचं काम होतं, त्यात धडपड केली की शरीरात कार्बन डायऑक्साइड साचत जातो, डोकं बधिर होतं, आणि माणूस आणखी जोरात श्वास घेतो, त्याने आणखी साचतो. कॅमेऱ्यात हे सगळं ऐकू येतं. तो तिथेच बेशुद्ध होऊन गेला. चार दिवसांनी दोऱ्या वर ओढताना दोघंही वर आले, त्याचा दिवा त्या मुलाच्या देहाला अडकवणाऱ्या लाइनमध्येच गुंतलेला होता. जे आणायला गेला होता ते त्याने आणलं, असं म्हणतात लोक. मला हे वाक्य थोडं फिल्मी वाटतं, पण खोटं नाहीये.

आता त्या रेकॉर्डिंगचं काय करायचं, इथे माझा खरा मुद्दा आहे. डॉक्टर सायमन मिचेल या डायव्हिंगच्या वैद्यकशास्त्रातल्या जाणकाराने ते अभ्यासलं, श्वासांचा वेग मोजला, आणि खोल पाण्यात दाट गॅस आणि कार्बन डायऑक्साइड माणसाला कसा मारतो हे त्यातून जगाला नीट कळलं. आज गॅसची घनता किती असावी याची जी मर्यादा टेक्निकल डायव्हर (नेहमीच्या हौशी मर्यादेपलीकडे खोल जाणारे) पाळतात, त्या विचाराला या घटनेने मोठं बळ दिलं. त्याच रेकॉर्डिंगचे तुकडे यूट्यूबवर भुताटकीचं म्युझिक लावून, थंबनेलवर लाल बाण काढून फिरतायत, "शेवटचे श्वास ऐका" म्हणून. फाइल तीच आहे हो. एकाने तीन-चार मिनिटांच्या धापेतून पुढच्या डायव्हरसाठी काहीतरी काढलं, दुसऱ्याने त्याच्यावर जाहिराती लावल्या. हे काम आदराने झालं का, हे व्हिडिओ दाखवला की नाही यावरून ठरवता येत नाही. बघून झाल्यावर बघणाऱ्याला काय कळलं यावरून ठरतं. अंगावर काटा आला आणि तो पुढच्या व्हिडिओवर गेला, तर तुम्ही एका माणसाचं मरण विकलंत. मराठी चॅनेलं यात मागे नाहीत, "थरकाप उडवणारा" हा शब्द त्यांनी एवढा वापरलाय की आता कशानेच थरकाप उडत नाही.

अंदाजपंचे दाहोदरसे हा तिसरा रोग. 2010 च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडातल्या व्होर्टेक्स स्प्रिंगमध्ये एक तरुण संध्याकाळी एकटा उतरला आणि परत आला नाही. त्याची गाडी तिथेच पार्किंगमध्ये उभी. त्या गुहेचा कोपरा न् कोपरा माहीत असलेल्या लोकांनी जीव धोक्यात घालून शोधलं, अगदी अंगाला खेटणाऱ्या फटींपर्यंत गेले, बॉडी कधीच मिळाली नाही. मग काय, रान मोकळं. तो पळून गेला आणि दुसरीकडे नवं आयुष्य जगतोय, कोणीतरी मारून बॉडी हलवली, अमक्या माणसाची नजरच बघा कशी आहे. त्या दिवशी तिथे कामाला असलेली माणसं, शोधायला उतरलेली माणसं, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. घरच्यांनी बक्षीस लावलं तेव्हा जाणकारांनी कळकळीने सांगितलं की पैशासाठी कोणीतरी नवखा आत जाईल आणि मरेल, असं करू नका. त्या आईबापांची अवस्था काय असेल याची कल्पना करा, पोरगा जिवंत आहे अशी आशा एक अनोळखी माणूस रोज रात्री टाइप करून लावतोय आणि दुसरा ती रोज काढून घेतोय. यातल्या एकाही थिअरीने एकही डायव्हर वाचणार नव्हता. रहस्यकथा वाचायला मलाही आवडतात, पण रहस्यकथेतल्या मेलेल्याची आई खाली कॉमेंट वाचत नसते.

खरी माहिती बाहेर का येत नाही, याचं एक मोठं कारण कोणी बोलत नाही. सोबत जो होता, जो वाचला, त्याला सगळं माहीत असतं, आणि तोच गप्प असतो. पोलीस चौकशी, इन्शुरन्स, कोर्टाची भीती, आणि त्यावर हजार अनोळखी माणसं "याने सोडून दिलं त्याला" म्हणायला टपलेली. 2014 च्या फेब्रुवारीत नॉर्वेच्या प्लुरा गुहेत पाच फिनिश मित्रांपैकी दोघं शंभर मीटरहून खोल जागी मेले. थाम लुआंगमध्ये पुढे नाव काढलेल्या त्याच ब्रिटिश डायव्हर्सना बोलावलं, त्यांनीही बघून सांगितलं की बॉडी काढणं फार धोक्याचं आहे, पोलिसांनी गुहा बंद केली. मार्चमध्ये वाचलेले मित्र साथीदार घेऊन बंदी मोडून गुपचूप परत गेले आणि दोघांनाही बाहेर काढलं, मग स्वतःच पोलिसांना कळवलं. पुढे त्यांना शिक्षा झाली नाही. मला विचाराल तर मी त्यांना शाबासकी देणार नाही, तिसरा मेला असता तर काय, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. पण त्या माणसांनी नंतर सगळं उघडपणे सांगितलं, आपण घाबरलो होतो हेसुद्धा, आणि म्हणून आज एवढ्या खोल, अरुंद जागेत मदतीला गेलेल्या माणसाचं काय होतं हे बाकीच्यांना माहीत आहे. वाचलेल्याला बोलता येईल एवढी जागा ठेवणं, यापेक्षा जास्त उपयोगाचा आदर मला सुचत नाही.

विमानवाल्यांनी हे फार आधी ओळखलं. आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेच्या नियमांचं अॅनेक्स 13 म्हणून प्रकरण आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की अपघाताच्या तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष कोणाच्या माथी मारायचा हा नाही. कागदावर भारतही हेच मानतो. प्रत्यक्षात 2025 च्या जूनमध्ये अहमदाबादला विमान पडलं, जुलैत प्राथमिक अहवाल आला, त्यात कॉकपिटमधल्या संवादाची दोनच वाक्यं होती, आणि तेवढ्यावर लोकांनी कॅप्टनचा निकाल लावून टाकला, त्याच्या मनात काय चाललं होतं इथपर्यंत. कॅप्टन पवईचा, घरी म्हातारे वडील. शेवटी त्या वडिलांना सुप्रीम कोर्टात जावं लागलं.

डायव्हिंगमध्ये चांगली पद्धत अस्तित्वात आहे, नवीन शोधायची गरज नाही. ब्रिटनचा सब-अॅक्वा क्लब दर वर्षी अपघातांचा अहवाल काढतो, त्यात नावं नसतात, काय झालं ते असतं. गुहांमधून बॉडी काढणारे जे स्वयंसेवक आहेत त्यांचेही अहवाल असतात, रुक्ष, टाकीत किती बार (गॅसचा दाब) उरला, रेग्युलेटर (टाकीतला गॅस तोंडापर्यंत पोचवणारा भाग) चालू होता का, लाइन कुठे होती, डायव्हर लाइनपासून किती लांब सापडला. एकही विशेषण नाही. वाचताना घशात आवंढा येतो तो त्या रुक्षपणामुळेच. माझ्या मते ऑनलाइन बोलतानाही एवढं पाळलं तर पुष्कळ झालं. घरच्यांना कळायच्या आधी नाव टाकू नये. पहिले काही दिवस अंदाज बांधू नयेत, कारण पहिल्या दिवसाची माहिती हमखास चुकीची निघते. जे माहीत आहे आणि जे वाटतंय ते एकाच वाक्यात मिसळू नये. आणि नंतर, अहवाल आल्यावर, मात्र बोलावंच, कारण गंमत अशी होते की पहिल्या दिवशी चारशे कॉमेंट असतात आणि सहा महिन्यांनी खरा अहवाल येतो तेव्हा तो वाचायला चार जण.

"त्या वेळी त्याला ते बरोबर का वाटलं असेल?" हा प्रश्न विचारून बघा, बाकी काही नाही केलं तरी. "असं कसं केलं याने" याच्या पुढे काही सापडत नाही. पण पहिला प्रश्न घेऊन गेलात की सापडतं, की मागच्या वीस वेळा तसंच करून काही झालं नव्हतं, की सगळे एवढ्या लांबून आले होते आणि "आज नको" म्हणायला कोणी तयार नव्हतं, की सोबतचा जास्त अनुभवी होता म्हणून याने शंका बोलून दाखवली नाही. ही कारणं केव्ह डायव्हरपुरती थोडीच असतात. शेक एक्सली, ज्याने ते नियम लिहिले, तो 6 एप्रिल 1994 ला मेक्सिकोतल्या साकातोन या पाण्याने भरलेल्या खोल खड्ड्यात सुमारे 270 मीटरवर मेला, जगातला सगळ्यात अनुभवी केव्ह डायव्हर, तळ गाठायच्या प्रयत्नात. त्याच्याही मरणाची चिरफाड झाली, गॅस, खोली, लाइन त्याच्याभोवती कशी गुंडाळलेली होती, सगळं, आणि नक्की कारण कोणालाच ठामपणे सांगता आलं नाही. ज्यांनी ती केली त्यात त्याचे जिवलग मित्र होते. त्यांना कोणी असं म्हटलं नाही की तुम्हाला भावना नाहीत.

आपण मराठी माणसं गुहेत डायव्हिंगला जात नाही, बहुतेक. पण सह्याद्रीत जातो, झुंडीने जातो, आणि तिथे मरतोही. 30 जून 2024 ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याचं एक कुटुंब प्रवाहात एकमेकांना धरून उभं होतं आणि वाहून गेलं, पाच जण, त्यात लहान मुलं. तो व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनवर आला, माझ्याही, आणि त्याच्याखाली "हौस फिटली का" असं लिहिणारी माणसं माझ्याच ग्रुपमधली होती, ज्यांनी स्वतः दर पावसाळ्यात तिथेच भिजून फोटो टाकलेत. पाणी मिनिटभरात का चढतं, वर पाऊस पडत असताना खाली ऊन कसं असू शकतं, पाणी गढूळ झालं, त्यात काटक्या-पालापाचोळा दिसला की का पळायचं, हे त्या शेकडो मेसेजमध्ये मला दोन ठिकाणी दिसलं.

लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, खोपोलीचं यशवंती हायकर्स, अशा टीम दरवर्षी दरीतून, धबधब्यातून माणसं काढतात, कधी जिवंत, बरेचदा नाही, फुकट, रात्री-अपरात्री. कोणता माणूस कुठे, कसा, कोणत्या वेळी अडकला हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही. नावं काढून टाकलेला एक वार्षिक अहवाल मराठीत निघायला हवा, कुठल्या घाटवाटेवर कोणत्या महिन्यात काय झालं, पाऊस किती होता, दोर होता का, किती वाजता खाली उतरायला सुरुवात केली होती. पैसा फार लागणार नाही, कोणीतरी बसून लिहायला हवं आणि पोलिसांच्या पंचनाम्याच्या भाषेतून ते माणसांच्या भाषेत आणायला हवं. अडचण एकच दिसते. असा अहवाल निघाला की दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यातली घटना ओळखणार, नाव शोधून काढणार आणि त्या घरच्यांच्या फोटोखाली जाऊन लिहून येणार, आणि रेस्क्यूवाल्यांना हे पक्कं माहीत आहे, म्हणून ते लिहीत नसतील तर मी त्यांना दोष देणार नाही.